परत आलेलं चाक

१

चाक आधी गेलं आणि मग परत आलं.

शर्यतीची गाडी चाकं बदलायला ट्रॅकशेजारच्या पिटमध्ये शिरली, पुढून-मागून जॅकवर उचलली गेली, चारही चाकं बदलली, दिवा हिरवा झाला, जॅक खाली आले आणि गाडी सुसाट सुटली. इथवर सगळं रोजच्यासारखं. पण मागचं डावं चाक गाडीबरोबर फार लांब गेलं नाही. ते निखळलं, पुढच्या भिंतीवर आदळलं आणि विसरलेली वस्तू न्यायला कुणी मागे फिरावं तसं सरळ रेषेत मागे फिरलं. वाटेत टायरचे ढीग होते, ट्रॉल्या होत्या, माणसं होती. कशालाही न शिवता ते मागच्या जॅकवाल्याच्या छातीवर येऊन थांबलं.

त्या जॅकवाल्याला सगळं पिट दाजी म्हणायचं. खरं तर तो एकट्या बारक्याचा दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा. पण दिवसभर 'दाजी पाना द्या', 'दाजी सरका' ऐकून बाकीच्यांच्या तोंडीही तेच बसलं.

आणि निखळलेलं चाक बारक्याने बसवलेलं होतं.

मालकाने अंधार पडायच्या आत पत्रकारांना सांगून टाकलं, "मानवी चूक." हे दोन शब्द फार सोयीचे. खालच्या माणसाकडून घडते ती मानवी चूक. वरचा माणूस तेच करतो तेव्हा त्याला निर्णय म्हणतात.

प्रकार साधा होता. चाकाचा मधला नट आवळायला प्रत्येकाच्या हातात हवेवर चालणारी गन. तिच्यावर अंगठ्याखाली बटण. नट आवळला गेला की बटण दाबायचं. चारही बटणं दाबली गेली की गाडीसमोरचा लाल दिवा आपोआप हिरवा होतो. तीन बटणांवर होत नाही. म्हणजे दिवा हिरवा झाला त्या अर्थी बारक्याने नट सैल असतानाच बटण दाबलं. मालक हेच म्हणाला, यंत्र हेच म्हणालं. बारक्याची बहीण नवऱ्याला स्मशानात पोहोचवून आली आणि भावाच्या तोंडावर दार लावून घेतलं.

शर्यत संघटनेचा निकाल विरोधात गेला तर बारक्या तुरुंगात जाणार होता. त्याचं त्याला काही नव्हतं. त्याला ते दार उघडायला हवं होतं.

तो एकच वाक्य बोलत होता, भेटेल त्याच्याशी, नाही तर भिंतीशी.

"मी बटण दाबलंच नाही."

२

संघटनेने पाठवलेल्या तपासनीस बाई पूर्वी रेल्वेचे अपघात तपासायच्या. एक गुडघा वाकत नव्हता, त्यामुळे त्या चालायच्या कमी आणि बसून ऐकायच्या जास्त. ऐकताना डोळे मिटायच्या. पुष्कळांना वाटायचं बाई झोपल्या, आणि मग ते नको ते बोलून जायचे.

गॅरेजमध्ये धुकं शिरलं होतं. सकाळ होती, पण दिवे लावावे लागले होते. फळीवर हेल्मेटं ओळीने ठेवलेली, काळ्या काचांची. बघावं तिकडून ती आपल्याकडेच बघतायत असं वाटत होतं. छतातल्या हवेच्या नळ्या मधूनच सुस्कारा सोडायच्या. शर्यत नसली तरी नळ्यांत हवा भरलेली असते, ती कुठून तरी झिरपते. एवढंच कारण. पण दाजी गेल्यापासून पोरं त्या आवाजाकडे पाठ करून उभी राहत नव्हती. समोरच्या भिंतीवर दाजीचा फोटो लावला होता आणि खाली छोटा दिवा. मारून झाल्यावर फ्रेम करायला आपल्याकडे कुणी वेळ लावत नाही.

"फोटो कुणी लावला?" बाईंनी विचारलं.

"आमच्या पिटप्रमुखांनी, उस्तादांनी. स्वतःच्या हातांनी," कुणीतरी म्हणालं.

बारक्या टायरवर बसला होता. बाई शेजारच्या टायरवर बसल्या, पाय लांब केला.

"सांग."

"मी बटण दाबलं नाही, बाई."

"ते पाठ झालंय मला. पुढचं सांग."

"नट अर्धा आवळला आणि गन मेली. हवाच येईना. बघतो तर काढलेलं चाक माझ्या नळीवर आडवं पडलेलं. मी उठलो, दोन्ही हातांनी नळी ओढली. बटणावर अंगठा नव्हताच माझा. आणि दिवा..." तो थांबला.

"बोल. मी घाबरत नाही."

"दिवा आपला आपण हिरवा झाला. आणि बाई, ते पहिल्यांदा नव्हतं. हा सगळा हंगाम असंच होतंय. मी दाबायच्या आतच हिरवा. मी दाबणार असतो आणि तो लागलेला असतो. कुणीतरी माझ्या मनातलं ओळखतंय असं वाटायचं. दाजींना सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, 'तुझ्यावर भूत खूश आहे रे. जपून राहा. भुताला वाढलं नाही की ते आपलं आपण घेतं.'"

वर नळीने सुस्कारा सोडला. बारक्याने मान वर केली नाही.

"चेष्टेतच म्हणाले हो," तो म्हणाला. "आणि घेऊन गेलं त्यांनाच."

३

बाईंनी एकेकाला बोलावलं.

गाडीचा चालक सर्वांत आधी आला. पोरगेलासा, गोरामोरा. "मला समोरचा दिवा तेवढा दिसतो, बाई. लाल तर थांबायचं, हिरवा तर सुटायचं. मागे काय चाललंय ते देवाला ठाऊक." त्याने दोनदा विचारलं, "मी थांबायला हवं होतं का?" बाई म्हणाल्या, "हिरव्यावर थांबणारा चालक तुझ्या मालकाने ठेवला असता का?"

मालक उभ्यानेच बोलला. शर्यत चालू असताना तो आणि उस्ताद दोघंच समोरच्या भिंतीपाशी बसत. पिटची ती अरुंद वाट, वाटेच्या एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला ती बुटकी भिंत आणि तिच्यावर स्क्रीनचं टेबल. गाडी येऊन थांबायची ती या दोहोंच्या मधे.

"माझी नजर घड्याळावर होती, मॅडम," मालक म्हणाला. "आमचे हात या हंगामात सगळ्यांत वेगवान. आख्ख्या स्पर्धेत. त्याचं कौतुक कुणी करत नाही, आणि एका माणसाच्या घाईने—"

"ज्याचे हात वेगवान, तोच घाईला जबाबदार?"

मालकाला फोन आला. अशा माणसांना फोन वेळेवर येतो.

उस्ताद आला तो मात्र भरल्या डोळ्यांनी. पिटमधल्या सगळ्यांना त्यानेच हाताला धरून शिकवलं होतं. बारक्याच्या हातात पहिली गन त्यानेच दिली, दाजीला जॅकवर त्यानेच उभं केलं. आत्ताही आल्या आल्या तो बारक्याच्या डोक्यावर हात फिरवून म्हणाला, "बाळा, कबूल करून टाक. छातीवरचा दगड उतरेल. होते चूक माणसाकडून."

मग बाईंकडे वळला. "पोराला वाचवा, मॅडम. वाईट नाहीये तो. मी भिंतीशी होतो, मान स्क्रीनमध्ये घातलेली. छताच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत होतो, आम्ही तेच बघतो. पोरगं नट अर्धवट टाकून उठलं आणि घाईत अंगठा पडला. संपलं. वर मान करून बघेपर्यंत चाक परत येत होतं."

"मान वर केलीच नव्हती तोवर?"

"शपथ घेतो."

"नको. शपथा फार झाल्या जगात."

शेवटी दिव्याची इंजिनिअर. मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसणारी तरुण बाई, हंगामाच्या मध्यावर नोकरीला लागलेली. तिच्या स्क्रीनवर चार आडव्या रेघा होत्या, चार गनच्या.

"चौथा सिग्नल आला, बाई. माझं यंत्र खोटं बोलत नाही. हे बघा, अपघाताच्या वेळचं." तिने दाखवलं. पहिल्या तीन रेघा बटण दाबल्याच्या जागी दातेरी झाल्या होत्या, करवतीसारख्या. चौथी सरळ वर चढून सरळ खाली आली होती.

"हे दाते कसले?"

"गन थरथरते ना हातात, म्हणून. सगळ्यांचंच होतं. फक्त बारक्याचा हात दगडासारखा. मी आल्यापासून बघतेय, त्याची रेघ नेहमी स्वच्छ. मी तर त्याला म्हटलंही होतं, काय हात आहे रे तुझा!"

बाईंनी मिटलेले डोळे उघडले.

"ती गन कुठाय?"

"ही काय. तुमच्याच लोकांनी सील केलीय." टेबलावर पिशवीत बारक्याची गन होती. तिची वायर कापलेल्या शेपटीसारखी पिशवीतच गुंडाळलेली. कशालाच जोडलेली नाही.

दोघी गनकडे बघत असतानाच स्क्रीनवर चौथी रेघ हलली. वर चढली. खाली आली. एकदम स्वच्छ.

इंजिनिअर खुर्ची मागे ढकलून उठली. पिशवीतली गन जिथल्या तिथे पडून होती.

४

"ओरडू नकोस," बाई म्हणाल्या. "आणि हे कुणाला बोलायचं नाही. आईलासुद्धा नाही."

"बाई, गन जोडलेलीच नाहीये! मग... मग कुणी..."

"भुताला वायर लागत नाही. सिग्नलला लागते."

त्या काठी टेकत बाहेर आल्या. धुक्यात पलीकडची भिंत अर्धीमुर्धी दिसत होती. तिथे टेबलापाशी मालक फोनवर बोलत उभा होता आणि उस्ताद वाकून टेबल पुसत होता, वरून आणि खालूनही. बाईंना बघून दोघंही सरळ झाले.

"काही हवं होतं का, मॅडम?"

"हवा खायला आले."

त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बटण सापडलं असतं. बोट सापडलं नसतं. टेबलाशी दोघं बसतात, आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे होते.

त्या उस्तादच्या खुर्चीत बसल्या. समोर जिथे गाडी थांबते तिथे सरावाची गाडी उभी होती. गाडीची उजवी बाजू भिंतीकडे, डावी गॅरेजकडे. बारक्याची जागा पलीकडे, गाडीच्या आड. बाईंनी त्याला हाक मारली, "जा रे, तुझ्या जागेवर बस. नट आवळतोस तसा. हेल्मेट घाल."

तो बसला आणि नाहीसा झाला. चाक दिसेना, गन दिसेना, माणूस दिसेना.

"आता ऊठ."

गाडीच्या पाठीमागून एक काळं हेल्मेट हळूच वर आलं, पाण्यातून वर यावं तसं. तेवढंच. मान नाही, हात नाही.

"बस. ऊठ. बस."

मग बाईंनी मान खाली घालून स्क्रीनमध्ये पाहिलं, छताच्या कॅमेऱ्याचं चित्र. बारक्या उठत होता, बसत होता. वरून बघताना काळा ठिपका होता तो ठिपकाच राहिला. उठला काय, बसला काय, वरच्याला वरून काही कळत नाही.

बाई बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. मग खुर्चीतून उठल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता पूर्ण सराव करायचाय. गन जोडा. सगळे आपापल्या जागी. भिंतीशी मालक आणि उस्ताद, शर्यतीत बसतात तसे."

उस्तादच्या हातातलं फडकं थांबलं.

"आत्ता? मॅडम, पोरांची मनं..."

"मनं नको आहेत मला. हात हवेत."

मग त्या गाडीला वळसा घालून बारक्यापाशी गेल्या, मोठ्या कष्टाने वाकल्या आणि त्याच्या हेल्मेटला तोंड लावून काहीतरी बोलल्या. बारक्याने दचकून त्यांच्याकडे पाहिलं.

"आणि दिवा हिरवा झाला तर, बाई?"

"झाला तर तुझ्या भुताचं तोंड बघू."

५

मागच्या जॅकवर उभं राहायला कुणी तयार होईना. दाजीची जागा. शेवटी गॅरेजच्या दारातून आवाज आला, "मी धरते."

बारक्याची बहीण. सकाळपासून ती तिथे उभी होती, फळीवरच्या हेल्मेटांसारखीच. तिने भावाकडे पाहिलं नाही. जॅकचा दांडा दोन्ही हातांत धरला. "हे कसा धरायचे ते मला ठाऊक आहे. घरी झाडूवर दाखवायचे."

कुणाची हिंमत होती नको म्हणायची!

दिवा लाल. गाडी वर उचलली. चार गन एकदम किंचाळल्या, जुनी चाकं निघाली, नवी लागली. एक, दोन, तीन जणांनी नट आवळले, बटणं दाबली, हात वर केले. दिवा लालच. बाई काठीवर रेलून भिंतीपाशी, दोन खुर्च्यांच्या बरोबर मागे उभ्या होत्या.

गाडीच्या आडून काळं हेल्मेट वर आलं.

दिवा हिरवा झाला.

आणि कुणीच हललं नाही. कारण हेल्मेट वर आलं तसे बारक्याचे दोन्ही हातही वर आले होते, रिकामे, पंजे उघडे. गन खाली जमिनीवर होती. नट तिच्याशेजारी होता. चाकाला त्याने हातसुद्धा लावला नव्हता.

बहिणीने जॅक सोडला नाही. हिरव्या उजेडात तिचा चेहरा कुणा दुसऱ्याचाच वाटत होता.

"कुणी दाबलं?" तिने विचारलं.

नळ्या सुस्कारल्या.

"ज्याचा हात टेबलाखाली आहे त्याने," बाई म्हणाल्या.

मालकाचे दोन्ही हात टेबलावर होते, घड्याळ धरलेले. उस्तादचा डावा हात टेबलावर होता. उजवा त्याने काढला नाही. काढून तरी काय फरक पडणार होता.

"एवढ्यासाठी काय नाटक!" मालक उसळला. "त्याला उठवून तुम्ही फसवलंत!"

"मी दोन दारं ठेवली होती," बाई म्हणाल्या. "उस्तादने बटण दाबलं नसतं तर दिवा लालच राहिला असता, आणि चौथ्या गनचं बटण मेलेलं आहे हे सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून दाबणं भाग होतं. पण कधी दाबायचं? इथून अंगठा दिसत नाही, चाक दिसत नाही. दिसतं फक्त हेल्मेट. म्हणून हेल्मेट उठलं की दाबायचं. हंगामभर असंच केलं, अपघाताच्या दिवशीही असंच केलं. पोरगं नळी ओढायला उठलं, यांना वाटलं काम झालं."

"पण मीच का?" उस्तादने विचारलं. "साहेबही इथेच बसतात."

"तुम्ही म्हणालात, मान स्क्रीनमध्ये होती, आणि पोरगं उठलं. स्क्रीनवर उठणं दिसत नाही, उस्ताद. ते फक्त भिंतीवरून डोळे लावून बसणाऱ्याला दिसतं. आणि इंजिनिअरच्या स्क्रीनवरची ती स्वच्छ रेघ बारक्याच्या हाताची नव्हतीच. टेबल थरथरत नाही, म्हणून रेघ थरथरली नाही."

उस्ताद खाली बघत बोलू लागला. सांगण्यासारखं थोडंच होतं. हंगामाच्या सुरुवातीलाच त्या गनचं बटण गेलं. नवीन यंत्रणा लावायची तर पुन्हा तपासणी, म्हणजे शर्यती हुकणार. म्हणून त्याने टेबलाखाली बटण लावलं, एका शर्यतीपुरतं. त्या शर्यतीत वेळ वाचला. हेल्मेट उठतं ते अंगठ्याच्या आधी उठतं ना. मग कुणाला दुरुस्ती नकोशी झाली.

"पोराला तरी सांगायचंत," बाई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तो आरामात उठला असता." उस्तादने नाक पुसलं. "साहेबच म्हणाले, त्याला कळू देऊ नको, हात मंदावेल."

"मी असं काही म्हटलेलं नाही!" मालक ओरडला. "मी फक्त म्हणालो, चाललंय ते चालू दे! तांत्रिक गोष्टींची जबाबदारी याची आहे. लिहून घ्या, मॅडम. मानवी चूक."

"लिहिते," बाई म्हणाल्या. "दोन माणसांची. एकाचं बोट आणि एकाचं तोंड. चौकशी पोलिसांसमोर होईल."

उस्ताद उठला, वाट ओलांडून बारक्याकडे आला. सवयीने हात त्याच्या डोक्याकडे गेला. बारक्या सरकला. हात अधांतरी राहिला, मग उस्तादने तो असा खाली घेतला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"कबूल कर म्हणत होतात, उस्ताद," बारक्या म्हणाला. एवढंच.

बहिणीने जॅक हळूहळू खाली आणला, शिकवल्यासारखा, धक्का न देता. मग भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो उतरवला आणि पदराने पुसून काखेत घेतला. मालक पुढे झाला, "वहिनी, फोटो राहू द्या ना, इथली आठवण म्हणून..."

"तुमच्या आठवणीला तुमचाच फोटो लावा," ती म्हणाली.

ती बारक्यापाशी आली. खाली पडलेली गन उचलली. तिला ती जड गेली. एव्हाना इंजिनिअरने दिवा पुन्हा लालवर आणला होता, बाकीच्या तिघांनी बटणं दाबून धरली होती. बहिणीने चौथ्या बटणावर अंगठा ठेवला आणि दाबला. लाल. पुन्हा दाबला, जोर लावून, नख पांढरं होईस्तोवर. लाल.

"हे असंच होतं? वर्षभर?"

"असंच, ताई. मी दाबत होतो. पण दिवा आधीच लागलेला असायचा, म्हणून कधी कळलंच नाही."

तिने गन खाली ठेवली. त्याच्या दंडाला धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं, जरा जास्तच घट्ट.

"घरी चल. पोरं विचारतायत, मामा का येत नाही म्हणून."

दोघं धुक्यातून चालू लागली. मागे दिवा लालच होता, आणि पिटमधलं कुणीही जागचं हललं नाही.